परवा, चार तास

खोलीत सहा पलंग होते आणि प्रत्येक पलंगाशेजारी डायलिसिसचं एक यंत्र. पाचव्या यंत्रावर तीन आठवड्यांपासून 'दुरुस्ती' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. उरलेल्या पाचांवर रोज सकाळी साडेसहापासून एकेक रुग्ण घेतला जाई. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त चार तास यंत्रातून फिरवायचं, ते स्वच्छ करायचं, अंगात साठलेलं पाणी काढायचं आणि त्याला घरी पाठवायचं. एक दिवस मध्ये गेला की तो पुन्हा येई. यायलाच लागे.

एक दिवसाआड येणाऱ्या माणसांचं सगळं बोलणं एका शब्दावर चालतं. मागची खेप परवा झालेली असते आणि पुढचीही परवाच असते. 'परवा पायात फार गोळे आले.' 'परवा जरा लवकर या.' 'चला, परवा भेटू.' यातला कुठला परवा गेलेला आणि कुठला यायचा, हे त्या खोलीत कोणी कोणाला कधी विचारलं नव्हतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं.

दोन महिन्यांपूर्वी केंद्रात नवं सॉफ्टवेअर आलं. हातमोजे घालून टाइप करता येत नाही म्हणून प्रत्येक यंत्रावर एक पडदा आणि एक माइक बसवला गेला. पलंगाजवळ जे बोलाल ते नोंदीत जाणार. उत्तर देणारा आवाज बाईचा होता. अदबशीर, आणि समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारा. पहिल्याच आठवड्यात तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणू लागले. पूर्वी यंत्र सुरू करायची किल्ली तंत्रज्ञ बाईंच्या कमरेला असे. ती जमा करून घेतली गेली. आता बाईसाहेबांनी रुग्णाच्या नावाने परवानगी दिल्याशिवाय पंप फिरत नसे.

तंत्रज्ञ बाई तिथे चौदा वर्षं होत्या. रुग्ण त्यांना ताई म्हणत.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला मास्तर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, चौथा पलंग, वेळ सातची. सोबत त्यांची बायको. तिला सगळे काकू म्हणत. मास्तर दारापासून वजनकाट्यापर्यंतच्या बारा पावलांत दोनदा थांबले.

"चौऱ्याहत्तर दोनशे," ताईंनी काटा वाचला. "सत्तर हवं होतं, मास्तर. सव्वाचार किलो पाणी घेऊन आलात."

"रिकाम्या हाताने कसं यायचं?" मास्तर म्हणाले. हे त्यांचं दर खेपेचं वाक्य होतं, पण आज ते दोन श्वासांत आलं.

"दोन दिवस बसूनच झोपतायत," काकू म्हणाल्या. "आडवं पडलं की गुदमरतं म्हणतात. आणि पाय बघा, ताई. चपलेत जाईनात."

ताईंनी पाय पाहिले. रक्तदाब घेतला. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे सहा. "चला, लवकर लावू," म्हणत त्या चौथ्या पलंगाकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

पलंग रिकामा होता. चादर सकाळी अंथरली तशीच, घडीच्या रेघांसकट. यंत्रावर नळ्या नव्हत्या. पडद्यावर मात्र हिरवा दिवा होता. त्याखाली मास्तरांचं नाव होतं, आणि त्याखाली लिहिलेलं होतं: रुग्ण जोडलेला आहे. झालेला वेळ, वीस मिनिटं.

"मास्तर, तुम्ही आधीच येऊन झोपलात की काय?" ताई म्हणाल्या. त्यांना अजून ती गंमतच वाटत होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नवीन सुरू करा."

"चौथ्या यंत्रावर रुग्ण जोडलेला आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "कृपया रुग्णाला त्रास होईल असं काही करू नका."

"कोणी जोडलेला नाहीये."

"आपली सूचना नोंदवली आहे."

बरोबर साडेसातला पडद्यावर एक नवी ओळ उमटली. रक्तदाब एकशे बावन्न, नव्वद. काढलेलं पाणी, चारशे मिलिलिटर. मास्तर तेव्हा खोलीबाहेरच्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसले होते.

ताईंनी मदतकक्षाला फोन लावला. अकरा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक माणूस आला. त्याचा आवाज नम्र होता आणि मागे बऱ्याच लोकांच्या बोलण्याचा गलका होता.

"मॅडम, बुधवारी अकरा वाजून सहा मिनिटांनी तुमच्याच आवाजात नोंद झालीये. ऐकवू?"

"ऐकवा."

त्यांचाच आवाज आला. मागे कापूस फाडल्याचा आवाज, मास्तरांचा खोकला, आणि मग: "परवा चार तास, तीन किलो."

"हो. परवा म्हणजे आज," ताई म्हणाल्या. "आज चार तास करायचं, तीन किलो काढायचं. एवढंच बोलले मी."

"'करायचं' कुठेय यात, मॅडम?"

"म्हणजे?"

"क्रियापद नाही ना वाक्यात. 'केलं' नाही, 'करायचं' नाही. क्रियापद नसलं की सिस्टिम ते झालेलं धरते. आधी तिने मागच्या परवावर टाकून बघितलं, सोमवारी. सोमवारची नोंद भरलेली होती. मग पुढच्या परवावर टाकलं."

"पुढच्या परवाचं झालेलं कसं असेल हो?"

"हे मी वर कळवतो."

"आणि हे आकडे? दर अर्ध्या तासाला रक्तदाब येतोय. कोणाचा येतोय?"

"त्यांचाच, मॅडम. मागच्या खेपांवरून काढलेला. मोकळ्या जागा आपोआप भरायची सोय आहे ती, मागच्या अपडेटला आली. तुम्ही स्वीकारलीये."

"मी? कधी?"

"सगळ्यांनीच स्वीकारलीये. त्याशिवाय पडदा उघडत नाही."

ताईंनी विचारलं, हे थांबवता येईल का. येईल, तो म्हणाला. पण मध्येच थांबवलं तरी आजची खेप झाली असंच धरलं जाईल, आणि एका माणसाला एका दिवसात दोनदा लावता येत नाही. रुग्णाच्या सुरक्षेसाठी तसा नियम आहे. मग पुढची खेप कधी? सोमवारी. बुधवार ते सोमवार, पाच दिवस. ताईंनी ते मोठ्याने मोजलं नाही. तक्रारीचा क्रमांक त्यांनी लिहून घेतला. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल, असं त्याने सांगितलं आणि आपल्या सेवेला किती गुण द्याल असं विचारलं.

आठ वाजता ओळ उमटली. एकशे शेहेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. ताईंनी बाहेर जाऊन मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे शहाण्णव, एकशे आठ.

"काय म्हणतायत बाईसाहेब?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला बरं वाटतंय म्हणतायत."

"वा. मला कळवायला... हवं होतं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी ताईंचा हात धरला. "ताई, जुनी किल्ली नाही का हो एखादी? कुठे कपाटात?"

"नाही, काकू."

डॉक्टर परगावी होते. त्यांनी दुसऱ्यांदा फोन उचलला. ताईंनी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता स्वतःच्या फोनवर काही उघडत होते. "अगं, पण मला इथे चालू दिसतंय," ते म्हणाले. "आणि प्रेशर चांगलं आलंय की. उतरतंय."

"डॉक्टर, ते बाहेर बाकावर बसलेत. पलंग रिकामा आहे."

"बाकावर?" ते थांबले. "नक्की? तुझ्याकडून काही सरमिसळ..."

"मी त्यांच्याकडे बघत बोलतेय."

"मग मोठ्या हॉस्पिटलला पाठव. ताबडतोब. मी सांगतो म्हणावं."

मोठं हॉस्पिटल पाऊण तासावर होतं आणि तिथेही हेच सॉफ्टवेअर होतं. तिथल्या बाईने फोनवर मास्तरांचं नाव विचारलं, बटणं दाबली आणि म्हणाली, "चालू आहे की यांचं. अकराला संपेल. संपलं की पाठवा, काही वाटलंच तर."

"ते जोडलेलेच नाहीयेत हो."

"ताई, माझ्यासमोर दिसतंय ना. आत्ता..." ती वाचू लागली, "...एक तास पंधरा मिनिटं झाली. मी चालू पेशंटसाठी पलंग कसा काढू?"

आठ चाळीसला मास्तरांचा रक्तदाब दोनशे चार झाला. ओठांची कड निळसर दिसत होती. ते आता विनोद करत नव्हते. बोलायला लागणारी हवा ते नुसत्या श्वासासाठी राखत होते. काकू त्यांच्या पाठीवर तळहात वर-खाली फिरवत होत्या, आणि त्यांची नजर मास्तरांवर नव्हती, ताईंवर होती.

ताई खोलीत परत गेल्या. पहिल्या आणि तिसऱ्या पलंगावरचे रुग्ण सकाळपासून लागलेले होते, झोपलेले होते. पाचवं बंद. दुसरा दहा वाजताचा. सहावा साडेआठचा, टेलरचा. पलंग रिकामा होता. त्याच्या पडद्यावर टेलरचं नाव, आणि पुढे: आज येणार नाहीत.

टेलर चव्वेचाळीस वर्षांचा, गप्पिष्ट माणूस. सोमवारीही तो आला नव्हता. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "काकू, यांना सहावर आणा."

"तो त्या टेलरांचा ना?"

"आज येणार नाहीयेत ते."

"कोण म्हणालं?"

ताईंनी पडद्याकडे बोट केलं. सकाळपासून त्या पडद्यांवरच्या एकाही शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता.

त्यांनी नवा फिल्टर आणि नव्या नळ्या जोडल्या. खणातून टेलरचं कार्ड काढून यंत्राला दाखवलं. मास्तरांचं वजन टाकलं.

"नमस्कार," बाईसाहेब म्हणाल्या. "आपलं वजन नेहमीपेक्षा बारा किलो दोनशे ग्रॅम जास्त आहे. खात्री आहे?"

"खात्री आहे," ताई म्हणाल्या.

"माप... चुकलंय म्हणावं," मास्तर पुटपुटले. "टेलरच्या हातून."

काकूंनी त्यांच्या दंडावर हलकीच चापट मारली आणि मग तोच दंड धरून ठेवला. ताईंनी शिरेत दोन सुया घातल्या, पट्ट्या चिकटवल्या. टेलरचे ठरलेले आकडे एकेक करून खोडले आणि मास्तरांचे घातले. औषधाचं प्रमाण, पाणी काढायचा वेग, सगळं. प्रत्येक बदलाला बाईसाहेबांनी कारण विचारलं. प्रत्येक वेळी ताईंनी 'इतर' निवडलं. आठ बावन्नला पंप फिरला, नळीतून रक्त गडद रेघेसारखं वर चढलं आणि फिल्टरमध्ये शिरलं.

ताई यंत्रासमोरून हलल्या नाहीत. आता त्यांच्या नजरेशिवाय त्या माणसावर कोणाचंच लक्ष नव्हतं. यंत्र दुसऱ्याच कोणाला तरी सांभाळत होतं.

नऊ वीसला मास्तरांचा रक्तदाब एकशे चौऱ्याऐंशीवर आला. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच मान उशीला टेकवली. चौथ्या, रिकाम्या पलंगाच्या पडद्यावर ते अजूनही होते. तिथे त्यांची प्रकृती याहून पुष्कळ चांगली होती.

नऊ पंचवीसला दार ढकलून टेलर आत आला.

"रागावू नका, ताई, रागावू नका! एक गिऱ्हाईक सोडेच ना. बाही आखूड झाली म्हणतं. अहो, हात लांब झाला असेल!" त्याने पिशवी खुंटीला अडकवली. चेहरा सुजलेला होता. डोळ्यांखालची कातडी पाण्याने ताणून चकाकत होती. "तासभर उशीर म्हणजे काय, सोमवारपेक्षा बरंच ना?"

ताईंनी सहाव्या पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"तुम्ही... आज येणार नव्हतात ना?"

"मी? कोण म्हणालं?"

"नोंद आहे. बुधवारची. तुम्हीच बोललात."

"मी बोललो, 'परवा नाही आलो, माफ करा.' सोमवारचं म्हणत होतो मी! दुकानात पाणी शिरलं म्हणून सोमवार बुडाला होता ना. त्याची माफी मागत होतो तुमची." तो हसला. सोमवारची नोंद आधीच भरलेली होती, म्हणून बाईसाहेबांनी ती माफी पुढच्या परवावर टाकली होती. मग त्याचं लक्ष सहाव्या पलंगाकडे गेलं. "हे कोण माझ्या जागेवर? मास्तर का?"

तो जवळ गेला आणि पडद्यावर वाकला. पडद्यावर त्याचं नाव होतं. रुग्ण जोडलेला आहे. झालेला वेळ, तेहतीस मिनिटं.

"हा तर मीच," टेलर म्हणाला.

पंप घुमत होता.

"बरा आहे ना मी?" त्याने विचारलं. अजून त्याच्या आवाजात थट्टा होती, पण त्याने एक हात पलंगाच्या दांडीला धरला होता. "नाही, बरा असेन तर घरी जातो."

काकू उठून मास्तरांच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. तोल जाऊ नये म्हणून आधार घ्यावा तशा त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन पलंगाची कड धरली. "आता यांना काढू नका हो, ताई," त्या म्हणाल्या. "अर्धं रक्त बाहेर आहे यांचं."

"काढत नाही, काकू."

"मी काढा म्हणालोच नाही," टेलर म्हणाला. "म्हणालो का मी? पण ताई, सोमवार बुडालाय माझा. या आठवड्यात एकदाच झालंय. आजचं बुडवून नाही चालायचं."

"माहीत आहे मला."

"मग?"

ताईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि रक्तदाब घेतला. एकशे ब्याण्णव, एकशे दहा. टेलरने आकडा विचारला नाही. त्याने पँट वर केली, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खळगा पडला. तो भरून यायची वाट पाहत तो बसून राहिला, आणि खळगा भरला नाही. आत सहाव्या पडद्यावर साडेनऊची ओळ उमटली. त्याचा रक्तदाब एकशे चाळीस होता.

मदतकक्षाला पुन्हा फोन करायचा तर अकरा मिनिटांचं संगीत, आणि आता सांगायचं काय? सहाव्यावर जो लागलाय तो टेलर नाही, हे सांगितलं की पंप तिथल्या तिथे बंद होईल. मग मास्तरांची खेप झालेली, टेलरची झालेली, आणि बाकावर दोघं. ताईंनी फोन हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

मग त्या दुसऱ्या पलंगाच्या पडद्यासमोर गेल्या. दहा वाजता. आजी, वय एक्क्याऐंशी. पुढे लिहिलेलं होतं: आज येणार नाहीत.

आता त्या शब्दांची किंमत काय, ते ताईंना ठाऊक होतं. त्यांनी आजींच्या घरचा नंबर लावला. फोन दुसऱ्याच घंटेला सुनेने उचलला.

"हां ताई, बोला. निघतोच आहोत. सासूबाई चपला घालतायत. का हो, काही झालं का?"

"आजींची तब्येत कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"आहे ठीक. जरा दम लागतोय कालपासून. पण तुमच्याकडे येऊन गेल्या की बरं वाटेल त्यांना." मागे म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, कोणाला तरी काठी दे म्हणून सांगणारा. "परवाच म्हणत होत्या, ताईंचा हात हलका आहे. सुई कळतच नाही."

दाराच्या काचेतून बाक दिसत होता. टेलरने दुसऱ्या पायाची पँट वर केली होती.

"ताई? दहाचीच वेळ ना?"

"दहाचीच," ताई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ बत्तीस. "घाई करू नका. सावकाश या."

फोन ठेवून त्यांनी कपाटातून नळ्यांचं नवं पाकीट काढलं, दातांनी कोपरा फाडला आणि दुसऱ्या यंत्राचं झाकण उघडलं. खणात आजींचं कार्ड सर्वांत वर होतं.

"टेलरभाऊ," त्यांनी आवाज दिला. "आत या."

तो दारात येऊन उभा राहिला. त्याने पलंगाकडे पाहिलं, पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं. "आणि त्या आजी?"

"वजन करून या," ताई म्हणाल्या.